नितळ पाण्यातला दगड

केळापूर, झरी-जामणी, मारेगाव, वणी, घाटंजी. यवतमाळ जिल्ह्याच्या या तालुक्यांत पाणी लागेपर्यंत एक भांडण असतं आणि लागल्यावर दुसरं. पाणी आहे का, हे पहिलं. ते कसलं आहे, हे दुसरं. इथल्या कितीतरी हातपंपांच्या आणि बोअरच्या पाण्यात फ्लोराइड निघालेलं आहे. खालचा वाद दुसऱ्या प्रकारातला, केळापूर तालुक्यातल्या एका घरातला.

एका बाजूला मामा. जन्मभर कपाशी-तूर केलेले, फवारणीचा पंप पाठीवर वागवून खांदा उतरलेले. दुसऱ्या बाजूला त्यांची भाची, वणीला कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवणारी. घरामागे नवीन बोअर झालं होतं आणि पाणी काचेसारखं लागलं होतं. ‘प्यायच्या आधी तपासून घ्या’ असं भाची म्हणाली, ते मामांना लागलं. मी ऐकणारा आणि मधूनमधून तोंड घालणारा.

मामा: तपासाचं काय त्यात? डोळ्यानं दिसून रायलं. गाळ नाही, वास नाही. दोनशे फुटाखालचं पानी हाये, बाई. तिथं कोण घाण टाकाले गेलं?

भाची: घाण नाही म्हणत मी मामा. दगड म्हणतेय.

मामा: दगड पान्यात इरघळते काय? मंग पैनगंगेतले गोटे आतापावतर संपाले पायजे होते.

भाची: आणि मीठ विरघळतं म्हणता ना? एका लिटर पाण्यात किती विरघळेल? साडेतीनशे-तीनशेसाठ ग्रॅम. त्यापुढे चमचाभर टाका, तळाशी बसेल. म्हणजे मीठसुद्धा एका हद्दीपर्यंतच विरघळतं. युरिया लिटरला किलोभराहून जास्त जातो. चुना जातो पावणेदोन ग्रॅमच्या आत. आणि फ्लोराइडचा जो दगड आहे, कॅल्शियम फ्लोराइड, तो लिटरला साधारण सोळा मिलिग्रॅम. विरघळतं की नाही, असा प्रश्नच नसतो. किती, एवढाच असतो.

मामा: सोळा मिलिग्रॅम! त्याले इरघळनं म्हन्तेत? तुह्या मिठाच्या चिमटीत त्याच्याहून जास्त येते.

भाची: येतं. पण त्या सोळा मिलिग्रॅममध्ये आठेक मिलिग्रॅम नुसतं फ्लोराइड असतं. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरला एक मिलिग्रॅम चालतं. दुसरी सोयच नसेल तर दीड. ज्या दगडाला आपण ‘विरघळत नाही’ म्हणतो, तोसुद्धा पाण्याला मोकळं सोडलं तर दीडच्या पाचपट फ्लोराइड देऊ शकतो.

इथे मामा जरा थांबले. मी मनात हिशेब करून पाहिला, तो बरोबर होता. शाळेच्या पुस्तकात पदार्थांचे ‘विद्राव्य’ आणि ‘अविद्राव्य’ असे दोन रकाने असतात आणि पोरं ते पाठ करतात. त्या दुसऱ्या रकान्याने किती माणसांना गाफील ठेवलं असेल, कोण जाणे. माझ्या मते तो रकाना पुस्तकातून काढून टाकून तिथे आकडे छापायला हवेत.

मामा मात्र असे हार मानणारे नव्हते. त्यांनी विषय आपल्या हुकमी मैदानावर नेला, फवारणीच्या ड्रमवर.

मामा: तू कॉलेजात शिकली, म्या ड्रमात शिकलो. युरिया टाकला का हात फिरवाची देर, खलास. डीएपी तसं नाही. ते रातीच भिजू घाला लागते, सकाळी निवळी गाळून घ्या लागते, नाहीतर नोझल चोक. म्हनजे कसं, ज्याले जोर लावला ते इरघळते. घोटा, कुटा, गरम करा. तुह्या दगडाले खाली जमिनीत कोन घोटून रायलं?

भाची: यात दोन गोष्टी मिसळल्या तुम्ही. घोटण्या-कुटण्यानं वेग वाढतो. खडा फोडला की पाण्याला भिडायला जास्त अंग मिळतं, ढवळलं की खड्याभोवतीचं भरलेलं पाणी हटून नवं पाणी येतं. पण हद्द तीच राहते. रात्रभर ढवळलंत तरी एक लिटर पाणी पाचशे ग्रॅम मीठ घेणार नाही. उलट, न ढवळताही वेळ मिळाला तर पाणी आपल्या हद्दीपर्यंत जाऊन पोचतं. जमिनीखाली घोटायला कोणी नाही, पण पाणी भेगांमधून वर्षानुवर्षं दगडाला चिकटून बसलेलं असतं. घाई तुम्हाला ड्रमाजवळ असते, पाण्याला खाली कसलीच नसते.

मामा: बरं, मंग एक सांग. युरियाचा ड्रम थंडगार काहून पडते? आन् चुन्याचा ढेकूळ टाकला का पानी उकळते. दोन्ही इरघळनंच हाये ना?

हा प्रश्न मला फार आवडला. उत्तराआधी विरघळताना होतं काय ते थोडक्यात सांगायला हवं, आणि ते भाचीनं चांगलं सांगितलं. पाण्याच्या कणाला दोन टोकं असतात, एक किंचित धन, एक किंचित ऋण. मिठाच्या खड्यात धन आणि ऋण कण एकमेकांना धरून रांगेत बसलेले असतात. पाण्याचे कण चहूबाजूंनी त्यांना ओढतात, एकेकाला सोडवतात आणि वेढून घेतात. खडा मोडायला शक्ती खर्च होते, वेढून घेताना ती परत मिळते. युरियाचे कण धन-ऋण नसतात, पण त्याचा खडाही असाच मोडावा लागतो आणि तिथे खर्च जास्त, परतावा कमी. उरलेली तूट पाण्याच्या उष्णतेतून भरली जाते, म्हणून ड्रम गार. कॅल्शियम फ्लोराइडच्या दगडात ही पकड इतकी घट्ट की पाण्याची ओढ बहुतेक वेळा हरते. बहुतेक वेळा, नेहमी नाही.

भाची: आणि चुन्याचं म्हणाल तर ते विरघळणं नव्हेच. राजूरच्या भट्टीतून आलेली कळी पाण्याशी अभिक्रिया करते, दुसराच पदार्थ बनते, त्या अभिक्रियेची ती आग. विझलेला चुना पुढे जो विरघळतो तो अगदी थोडा. आणि गंमत म्हणजे गरम पाण्यात आणखी कमी. उकळत्या पाण्यात थंड पाण्याच्या निम्म्याहूनही कमी.

मामा: गरम पान्यात कमी? उलटंच काहीतरी.

भाची: उलटं नाही, ज्याचं त्याचं. साखर साध्या पाण्यात लिटरला दोन किलो जाते, उकळत्यात पावणेपाच किलोच्या वर. मिठाला गरम-थंडाचं सोयरसुतक नाही, उकळत्या पाण्यातही तीस-चाळीस ग्रॅमचीच भर. चुना उतरतो. ‘गरम केलं की विरघळतं’ हा नियम नाही, साखरेचा अनुभव आहे.

मामांनी तंबाखूच्या डबीतला चुना बोटावर घेतला, पाहिला आणि परत लावला. मग म्हणाले, ‘चाल, पुढं बोल.’ आमच्याकडे ‘चाल’ हा शब्द अर्धी कबुली म्हणून चालतो.

दिसण्याचा मुद्दाही ड्रमातूनच सुटला. बाटलीतलं तेलकट कीटकनाशक पाण्यात ओतलं की दुधासारखं पांढरं होतं आणि लोक म्हणतात, बरोबर विरघळलं. प्रत्यक्षात ते विरघळलेलं नसतं. तेलकट द्रवाचे बारीक थेंब पाण्यात तरंगत असतात, त्यांच्यावर उजेड विखुरतो, म्हणून पांढरं दिसतं. भुकटीच्या बऱ्याच औषधांचंही तेच, ते गढूळ दिसतं आणि थांबलं की तळाशी बसतं. जे खरोखर विरघळतं ते दिसेनासं होतं. युरियाचं द्रावण पाण्यासारखंच नितळ असतं. त्यामुळे पाणी नितळ आहे म्हणजे त्यात काही नाही, हा निष्कर्ष मुळातच चुकीचा. नितळपणावरून एवढंच कळतं की न विरघळलेलं काही नाही. (ड्रमातलं हे औषध किती महाग पडू शकतं हे या जिल्ह्याने २०१७ च्या हंगामात पाहिलं. फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. तो विषय वेगळा आणि मोठा आहे, पण ड्रमाची गोष्ट काढून त्याच्यापाशी न थांबता पुढे जाणं मला जमलं नाही.)

आता वादाचा गाभा. मामांच्या डोक्यात ‘वाईट पाणी’ म्हणजे खारं, जड पाणी. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, हंड्याला पांढरा थर चढतो ते. नव्या बोअरचं पाणी तसं नव्हतं. डाळ शिजत होती, फेस येत होता. भाचीची शंका नेमकी त्यावरूनच होती.

भाची: तुम्ही कॅल्शियम नायट्रेट आणि डीएपी एका ड्रमात टाकता का?

मामा: एकदा टाकलं होतं. फाटलेल्या दुधावानी चोथा झाला. सारा दिवस नोझल साफ करत बसलो.

भाची: का झाला? दोन्ही वेगवेगळी चांगली विरघळतात. पण पाण्यात एकत्र आली की कॅल्शियमला फॉस्फेट भेटतं, आणि ती जोडी पाण्यात राहू शकत नाही. कॅल्शियम आणि फ्लोराइडचं तसंच आहे. पाण्यात आधीच भरपूर कॅल्शियम असेल तर फ्लोराइडला जागा कमी उरते. कॅल्शियम चौपट झालं तर फ्लोराइडची हद्द निम्म्यावर येते. कॅल्शियम गेलं की हद्द वर सरकते. तुमचं जड पाणी डाळीला वाईट असेल, पण फ्लोराइडला थोडा लगाम तेच घालतं. आणि हे गोड लागणारं, साबणाला फेस देणारं खोल पाणी, त्यातून कॅल्शियम निघून गेलेलं असू शकतं.

मामा: थांब. इथं तू फसली. वणी, राजूर, मुकुटबन, साऱ्या तिकडच्या भागात चुनखडीच चुनखडी. भट्ट्या काय, शिमिटाचा कारखाना काय. कॅल्शियमचा एवढा दगड जमिनीत असताना फ्लोराइड तिथं याले नाही पायजे. मंग ते याच तालुक्यात काहून निंगते?

मी भाचीकडे पाहिलं. हा आक्षेप मला सुचला नव्हता, आणि माझ्या माहितीतल्या दोन-चार शिकलेल्या माणसांनाही सुचला नसता. जिल्ह्याचा बराचसा भाग काळ्या बेसॉल्टचा. वणी-झरी-केळापूरच्या बाजूला मात्र खडकांची मिसळ होते: पैनगंगेच्या काठचे जुने चुनखडक, कोळशाच्या थरांचे वालुकाश्म आणि त्याहून जुने ग्रॅनाइटसारखे खडक. मामांचा मुद्दा भूगोलाला धरून होता.

भाची: दगडात किती कॅल्शियम आहे याला महत्त्व नाही, पाण्यात किती उरलंय याला आहे. पावसाचं पाणी मातीतून उतरतं तेव्हा मुळांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड घेऊन थोडं आंबट होतं. ते चुनखडी खातं आणि जड होतं. ते तुमच्या उघड्या विहिरीचं पाणी. तेच पाणी आणखी खाली गेलं, चिकणमातीच्या थरांतून वर्षानुवर्षं झिरपलं, की माती त्यातलं कॅल्शियम धरून ठेवते आणि बदल्यात सोडियम देते. पाणी आम्लाचं अल्कधर्मी होत जातं. उरलेलं कॅल्शियम परत चुनखडी होऊन भेगांत बसतं. मग त्या पाण्याला ग्रॅनाइटमधले अभ्रक, अ‍ॅपेटाइट असली फ्लोराइड बाळगणारी खनिजं भेटली, की अडवायला कोणी नाही. वर खोलीबरोबर उष्णता वाढते. किनवट तालुक्यातलं उनकेश्वरचं गरम पाणी तुम्ही पाहिलंय. जमिनीत कुठेतरी खोल जाऊन तापूनच ते वर येतं.

मामा: म्हनून एका हातपंपाचं पानी बरं, आन् दोनशे पावलावरच्या दुसऱ्याचं पोरायचे दात पिवळे करते.

भाची: हो. दोन पंपांच्या भेगा वेगळ्या, पाण्याचं खालचं वय वेगळं.

फ्लोराइडच्या दुखण्याचं हे प्रकरण देशात पहिल्यांदा १९३७ मध्ये मद्रास इलाख्यातल्या नेल्लोर भागातून नोंदवलं गेलं. लहान मुलांचे पक्के दात तयार होत असताना फ्लोराइड जास्त गेलं की त्यावर पांढरे-तपकिरी डाग उमटतात आणि ते जात नाहीत. वर्षानुवर्षं तेच पाणी पोटात गेलं तर हाडं आणि सांधे आखडतात. यापलीकडे त्याचं वर्णन करून कोणाला घाबरवण्याची मला गरज वाटत नाही. या तालुक्यांतल्या वाचकाने असे दात पाहिलेले असतात.

मग मामांनी घरगुती उपाय एकेक करून पुढे केले. फडक्यानं गाळू. भाची म्हणाली, विरघळलेलं गाळता येत नाही, मिठाचं पाणी फडक्यातून गाळून पाहा. उकळू. उकळल्यानं जंतू मरतात, पण वाफ होऊन जातं ते पाणी, फ्लोराइड भांड्यातच राहतं. लिटरला १.६ मिलिग्रॅमचं दहा लिटर पाणी उकळून आठ लिटर उरलं, तर ते २.० होतं. शिवाय उकळताना जड पाण्यातला चुना थर होऊन बसतो, म्हणजे होता तो लगामही सुटतो. तुरटी फिरवू. इथे मात्र भाची ‘नाही’ म्हणाली नाही.

भाची: तुरटीत दम आहे, फिरवण्यात नाही. नागपूरच्या ‘नीरी’नं एक पद्धत बसवली, नलगोंडा पद्धत म्हणतात तिला. तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर मोजून टाकायची, ढवळायची, पाणी निवळू द्यायचं. तुरटीतून अ‍ॅल्युमिनियमचे फुलोरे बनतात, ते पाण्यात विरघळत नाहीत आणि जाताना फ्लोराइडला चिकटवून तळाशी नेतात. पण गढूळ पाण्याला लागते त्याच्या कितीतरी पट तुरटी लागते. आणि माप चुकलं तर अ‍ॅल्युमिनियम पाण्यात राहतं. अंदाजानं करायचं काम नाही ते.

मामा: म्हनजे शेवटी मशीनच. शेजारच्या गावात बसवलं होतं आरओ. एक भाग गेला, सहा महिने झाले, कुलूप लागलं. तुह्या विद्येचं पानी तालुक्यातून मिस्त्री आला तरच मिळते. माहा सरळ हिशेब हाये. आज्याची विहीर उपसून घेतो, पावसाचं पानी तिच्यात वळवतो. वरचं ताजं पानी. खाली वर्षं काढलेलं म्हातारं पानी नको ना तुले? मंग हे घे.

या ठिकाणी मी मामांच्या बाजूने आहे, आणि भाचीला ते आवडलं नाही. पाण्याला दगडाजवळ मिळणारा वेळ हाच जर गुन्हेगार असेल, तर कमी वेळ राहिलेलं पाणी वापरणं आणि जुन्या पाण्यात नवं पावसाचं पाणी मिसळणं, हे मशीनपेक्षा टिकाऊ उत्तर आहे. शेततळी, नाल्यावरचे बांध, विहिरींचं पुनर्भरण या कामांकडे पाणी वाढवण्याचा उपाय म्हणून पाहतात. पाणी सौम्य करण्याचा उपाय म्हणून त्यांच्याकडे कोणी बघत नाही.

भाचीनं त्यावर दोन खुंट्या मारल्या, त्याही खऱ्या. उघड्या विहिरीत जंतू उतरतात, तिला काठ, झाकण आणि क्लोरीन लागेलच. आणि मे महिन्यात विहीर आटली की घर परत बोअरवर येणार, तेव्हा बोअरचा आकडा माहीत नसून चालणार नाही.

मामा: आकडा, आकडा! कोन काढून देते?

भाची: जलजीवन मिशनमध्ये गावातल्याच पाच बायकांना पाणी तपासायचं शिकवायचं ठरलेलं आहे, पेटीसकट. ग्रामपंचायतीत विचारा कोणत्या त्या. रंग पाहून फ्लोराइडचा अंदाज जागेवर मिळतो. शंका आली तर बाटली जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत पाठवायची. प्लॅस्टिकची बाटली, त्याच पाण्यानं खंगाळून. फ्लोराइडच्या नमुन्याला काच नको.

मामा: आन् एकदा केलं का झालं.

भाची: नाही झालं. पावसाळ्याआधी एकदा, पावसाळ्यानंतर एकदा. पाणी खाली गेलं की आकडा बदलतो.

मामांनी होकार दिला नाही, पण दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीत गेले. निघताना भाचीला म्हणाले, ‘विहिरीचंही पानी नेतो. तुही बोअर आन् माही विहीर, दोघीयची परीक्षा होऊन जाऊ दे.’ निकालावर मी इथे लिहीत नाही. तो त्यांच्या घरचा आहे आणि तुमच्या बोअरबद्दल त्यातून काहीच कळणार नाही.

तुम्ही या तालुक्यांतले असाल तर एवढं करा. आपल्या पाण्याचा फ्लोराइडचा आकडा मागा, आणि तो कोणत्या महिन्यातला, किती खोलीच्या पाण्याचा, हे त्या कागदावर लिहून घ्या. एकपर्यंत असेल तर फ्लोराइडची चिंता नको. एक ते दीडच्या मध्ये असेल तर दुसरी सोय नसेल तरच प्या. दीडच्या वर असेल तर ते पाणी धुण्याला आणि गोठा साफ करायला ठेवा, घरातल्या लहान पोरांच्या पेल्यात ते जाऊ देऊ नका, आणि पुढच्या ग्रामसभेत दुसऱ्या पाण्याची मागणी लेखी द्या.